फलोदीच्या अलीकडे

नोव्हेंबर सरत आला की माझ्या पायाला भिंगरी लागते. रायपूरच्या आमच्या तात्यापाऱ्यात घरासमोरून नव्या तांदळाची पोती लादलेले ठेले जाऊ लागतात, सकाळी तलावावर धुकं बसलेलं असतं, बायका पेटीतले स्वेटर उन्हात टाकतात, आणि मी उगीच या खोलीतून त्या खोलीत जाते. कपाट उघडते, बंद करते. चहा ठेवते आणि विसरते. "काय शोधून राहिली वो?" हे विचारतात. मी म्हणते, काही नाही. त्रेसष्ट वर्षांच्या बाईनं काय शोधायचं असतं. पण ते थंडीचे पहिले पंधरा दिवस मला एका जागी बसू देत नाहीत, आता पंचवीस वर्षं होत आली.

परवा पेन्शनच्या कागदावर माझी जन्मतारीख चुकली म्हणून शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत जावं लागलं. यांच्या स्कूटरवर मागे बसून गेले. जुनं रायपूर संपलं आणि तो रस्ता सुरू झाला. सहा गाड्या शेजारी शेजारी धावतील एवढा रुंद, मधोमध कण्हेरीची झाडं, दोन्ही बाजूंना मोकळी जमीन, आणि माणूस म्हणाल तर औषधाला नाही. मोठमोठे चौक, त्यांत दिवे लाल होतात, हिरवे होतात, आणि हे अख्ख्या चौकात एकटे थांबून हिरव्याची वाट बघतात. मागे बसून मला हसू येत होतं आणि चीडही येत होती. असा रस्ता मी आयुष्यात आधी एकदाच पाहिला होता, आणि तिथेही हेच मला थांबवत होते.

छत्तीसगढ़ राज्य नवीन झालं ते वर्ष. रायपूर राजधानी झालं म्हणजे नेमकं काय झालं हे आम्हाला आधी ऑफिसच्या पाट्यांवरून कळलं. ज्या पाटीवर काल 'मध्यप्रदेश शासन' होतं तिच्यावर आज ओला रंग. शिपाई ब्लेडनं जुन्या शिक्क्यांवरची अक्षरं खरवडत बसलेले. जागा कुठेच पुरत नव्हती. एका खोलीत तीन खाती, आणि साहेबाची खुर्ची व्हरांड्यात. आमच्या यांचं तात्यापाऱ्यात रबरी शिक्क्यांचं दुकान. सासऱ्यांनी टाकलेलं, हातभर रुंद. त्या हिवाळ्यात त्या दुकानापुढे अशी गर्दी की दिवाळीत मिठाईवाल्याकडे नसेल. अख्ख्या राज्याला नवे शिक्के हवे होते. तापलेल्या रबराचा वास यांच्या कपड्यांना, केसांना, माझ्या उशीलासुद्धा. दिवसभर उलटी अक्षरं जुळवायची आणि संध्याकाळी जेवताना पेपर हातात धरला की डोळे चोळायचे.

मी सरकारी नोकरीत, बाबू म्हणा. आणि त्या महिन्यात आम्हा सगळ्यांच्या हातात एक कागद आला. विकल्पपत्र. दोन चौकोन. जुन्या राज्यात राहायचं तर भोपाळ, नव्यात राहायचं तर रायपूर. एका चौकोनात खूण करायची, सही करायची, आवक खिडकीत द्यायचं. एवढंच.

आता माझं ऐका. मी जन्मले ब्राह्मणपाऱ्यात. शाळा ब्राह्मणपाऱ्याच्या मागे. कॉलेज, शाळेपासून सायकलनं सात मिनिटं. लग्न होऊन आले ती तात्यापाऱ्यात, माहेरून चालत दहा मिनिटं. वरात निघाली तेव्हा घोडा तापायच्या आत नवरदेव दारात, असं माझा मामा अजून सांगतो. ऑफिस, तेही तिथेच. सणाला माहेरी जायचं म्हणजे हातात डबा घेऊन गल्ली ओलांडायची. मी कोपऱ्यावर भाजी घेतली तर आईला संध्याकाळपर्यंत ठाऊक, की शैलानं आज लाल भाजी घेतली. माझ्या अडतीस वर्षांत मी कधीच कुठे 'गेले' नव्हते. भोपाळला मला बढतीही होती, पण खरं सांगायचं तर बढती हे निमित्त. मला एकदा असं शहर हवं होतं जिथे मी रस्त्यानं चालले तर कोणी विचारणार नाही, काय दीदी, आज उशीर झाला.

मी भोपाळवर खूण केली. गुरुवारी दुपारी खिडकीत कागद दिला, पोच घेतली, पर्समधल्या चोरकप्प्यात ठेवली. घरी कोणाला सांगितलं नाही. यांना तर नाहीच.

का नाही सांगितलं? कारण मला यांचं 'हव' ठाऊक होतं. आमच्या इकडे हो म्हणायला हव म्हणतात, आणि आमचे हे सगळ्या जगाला हव म्हणतात. गिऱ्हाईक म्हणालं उद्या शिक्का पाहिजे, हव. सासूबाई म्हणाल्या भाजी खारट झाली, हव. मी भोपाळला जाते म्हटलं असतं तर हे म्हणाले असते, हव. मान खाली, हातात चिमटा, समोर उलटी अक्षरं. आणि त्या एका हवनं मी मेले असते. जाऊ नको म्हणाले असते तर भांडले तरी असते.

मग सांगायचं कुठे, कसं? घरात नाही, दुकानात नाही. त्याच आठवड्यात ऑफिसात आवई उठली की जुन्या राज्यात साठलेली रजा नव्या राज्यात चालणार नाही. कोणी उठवली देव जाणे. पण अर्धं ऑफिस रजेचे अर्ज घेऊन धावलं. पंचवीस पंचवीस वर्षं ज्यांनी एक दिवस रजा घेतली नव्हती ते बाबू घरी बसून भिंती रंगवू लागले. मीही बारा दिवस टाकले. घरी येऊन म्हटलं, आपण राजस्थानला जाऊ. वाळवंट पाहू. मला वाटलं, हे म्हणतील, एवढ्या सीझनमध्ये दुकान सोडून? हे म्हणाले, "हव. जाऊ." दुकान धाकट्या भावावर टाकलं, मुलगी सातवीत होती, तिची सहामाही परीक्षा, तिला माझ्या आईकडे ठेवलं, आणि आम्ही निघालो. मी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

जयपूरपर्यंत रेल्वे. तिथून भाड्याची जीप, ड्रायव्हर भंवरजी, पन्नाशीचा, पांढऱ्या मिशा, कानात सोन्याची मुरकी, आणि बोलणं इतकं कमी की पहिल्या दिवशी मला वाटलं मुका आहे. बिकानेरचा मुक्काम करून सकाळी जैसलमेरकडे निघालो. माझ्याकडे यादी होती. ऑफिसातल्या एका बाई चार वर्षांपूर्वी जाऊन आल्या होत्या, त्यांनी हिरव्या शाईनं लिहून दिली होती, वाटेत काय काय थांबून बघण्यासारखं आहे. सरोवर, देऊळ, पक्षी, किल्ला. मी मनात ठरवलं होतं, यातल्या एका सुंदर जागी यांना सांगायचं. पाणी असेल, पायऱ्या असतील, आजूबाजूला शांत असेल. जागा चांगली असली की वाईट गोष्टही चांगली सांगता येते, असं मला वाटत होतं.

पहिलं कोलायतचं सरोवर. घाट, पिंपळ, निळं पाणी. मी पायरीवर बसले, पर्स मांडीवर, घसा साफ केला. तेवढ्यात चार पंडे आले आणि गोत्र विचारू लागले. यांनी त्यांना आमच्या घराण्याची पूर्ण हकीकत सांगितली, भोसल्यांच्या फौजेबरोबर आमचे लोक रायपूरला कसे आले तिथपासून. मग पंड्यांनी त्यांची सांगितली. अर्धा तास गेला. मी उठले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

पुढे रस्ता नुसता पळत होता. दोन्ही बाजूंना वाळू, वाळूत खुरट्या बोरी, कुठे कुठे खेजडीचं झाड, फांद्या छाटलेलं. वारा सुटला की वाळू डांबरावरून सापासारखी सरपटत जायची. मधूनच फौजी ट्रकांची रांग, मधूनच उंटगाडी, तिला ट्रकची टायरं. खिडकीतून येणाऱ्या हवेला कशाचाच वास नव्हता. आमच्याकडे हवेला नेहमी काहीतरी वास असतो, ओल्या मातीचा, धानाचा, नालीचा. इथं नाकाला धरायला काही नव्हतं. मी पाय हलवत होते, मैलाचे दगड मोजत होते, पर्सची चेन उघडत होते, लावत होते.

आणि हे भलतीकडेच थांबवत होते. "भंवरजी, ज़रा रोकिए." मी बघते तर काय, एक झाड. नुसतं झाड. त्याच्याखाली एक फुटका माठ. हे उतरायचे, आळस द्यायचे, आणि म्हणायचे, "भंवरजी, आप चाय पी के आइए." भंवरजी इकडे बघायचा, तिकडे बघायचा. चहा कुठे आहे? मग लांबवर एक छप्पर दिसायचं, तिकडे बिचारा चालत जायचा. आम्ही दोघं झाडाखाली. हे गप्प, मी गप्प. हे एक काडी घेऊन वाळूत रेघा काढायचे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग मीच म्हणायची, "चला आता. इथं काय आहे?" आणि हे मुकाट्यानं उठायचे.

असं एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. एक रेल्वे फाटक, जिथून गाडी जाणारच नव्हती. एक बंद पडलेला पंप. एक मैलाचा दगड, ज्यावरचा आकडासुद्धा पुसलेला. प्रत्येक ठिकाणी भंवरजीला चहाला पिटाळलं. इकडे माझ्या यादीतल्या जागा मागे पडत होत्या, ऊन कलत होतं, आणि माझा संताप चढत होता. एवढा पैसा, एवढी रजा घालवून मी इथं फुटके माठ बघायला आले होते काय. ज्या माणसाला कुठं थांबावं एवढंही कळत नाही त्याला सोडून जाण्यात काय पाप, असंसुद्धा मनात आलं. खोटं कशाला बोलू, आलं.

फलोदीच्या जरा आधी एक वाट खीचनला जाते. यादीत त्याच्याखाली दोन रेघा होत्या. लांबच्या मुलखातून कुरजा पक्षी तिथं हिवाळ्याला येतात, करड्या रंगाचे, उंच, गळ्याशी काळे. गावचे लोक त्यांना दाणे टाकतात. मला जायचंच होतं. पण आम्ही फाट्यापाशी पोचायच्या आधीच, चार मैल अलीकडे, यांनी पुन्हा म्हटलं, "भंवरजी, ज़रा रोकिए."

भंवरजीनं गाडी थांबवली. आणि त्या दिवसातलं त्याचं सगळ्यात मोठं वाक्य तो बोलला. "साब, आज सात चाय हो गई। अब पेट में जगह कोनी।"

मी उतरले. दार आपटलं. तिथं काहीही नव्हतं. खरंच काही नव्हतं, झाड नाही, दगड नाही, छप्पर नाही. सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूंना आभाळ जमिनीला टेकलेलं. भंवरजी समजून उमजून बॉनेट उघडून आत डोकं घालून उभा राहिला.

"इथं काय आहे?" मी म्हटलं. "सांगा ना मले, इथं काय आहे? सकाळपासून काय चालवून राहिले तुमी हे?"

"काही नाही."

"मग काहून थांबवून राहिले?"

काडी नव्हती म्हणून यांनी चपलेच्या टोकानं वाळूत रेघ काढली. ती रेघ बघून माझा बांध फुटला. सरोवर नाही, पायऱ्या नाहीत, काही नाही. त्या उघड्या रस्त्यावर मी ओरडून सांगितलं. "मी भोपाळ लिहून दिलं आहे. गुरुवारी दिलं. मले जायचं आहे."

"मले माहीत आहे," हे म्हणाले.

वारा होता, पण मला ते नीट ऐकू आलं.

"केव्हापासून?"

"गुरुवारपासूनच. तुमचा आवकवाला बाबू संध्याकाळी दुकानात आला होता. नवीन शिक्का न्यायले. म्हणे, भैया, भाभीजी तो भोपाल चलीं। मी म्हटलं, हव."

तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला काय काय वाटलं त्याची यादी नाही करता येणार. लाज, राग, आणि मोकळं झाल्यासारखं, सगळं एकदम. ज्या शिक्क्यानं माझ्या कागदाची पोच झाली त्याचा बाप माझ्याच घरात झोपतो, आवकवाला बाबू त्याच्याच दुकानात बसून चहा पितो, हे मला कसं सुचलं नाही? रायपूरमध्ये राहून गुपित ठेवायला निघाले होते मी. तेही तात्यापाऱ्यात.

"मग बोलले काहून नाही इतके दिवस?"

"तुझी गोष्ट होती. तू सांगायची होती. सकाळपासून तू पर्सची चेन खोलून राहिली, लावून राहिली. मले वाटलं, गाडी चालू असताना बाईमाणूस कसं बोलणार, भंवरजी समोर. म्हणून थांबवून राहिलो होतो. तू पंड्यांपुढे तर बोलली नसतीस." मग म्हणाले, "मले चांगल्या जागा नाही माहीत बाई. जिथं कोणी नसन तिथं थांबवलं."

मी रस्त्याच्या कडेला बसले. सरळ खाली, साडीची पर्वा न करता. रडले. हे शेजारी बसले, हात कुठे ठेवावा ते यांना कळेना, शेवटी माझ्या पर्सवर ठेवला. वरून कुरजांचा एक थवा गेला, गळ्यातून गुरगुर आवाज करत. आम्ही मान वर करून तो दिसेनासा होईपर्यंत बघितला. खीचनला जायची गरजच राहिली नाही.

"तुमी हव म्हटलं असतं मले," मी म्हटलं. "मी सांगितलं असतं तं तुमी नुसतं हव म्हटलं असतं. म्हणून नाही सांगितलं."

हे जरा वेळ विचार करत राहिले. खरंच करत राहिले, मला दिसत होतं.

"म्हटलं असतं," हे म्हणाले. "पण मग मी पण आलो असतो. भोपाळले शिक्के लागतच असतीन ना."

एवढंच. बापाचं दुकान, उभा सीझन, सगळं त्या वाक्यात गुंडाळून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं आणि चप्पल झटकू लागले. भंवरजी बॉनेटमधून डोकं काढून हळूच म्हणाला, "साब, अब आठवीं पी लेंगे।" मग पुढच्या छपराखाली आम्ही तिघांनी चहा घेतला. उंटाच्या दुधाचा होता की काय कोण जाणे, खारट लागला. मी दोन कप प्यायले.

जैसलमेर आम्ही बघितलं. पिवळा किल्ला, तलाव, वाळूच्या टेकड्यांवर सूर्य बुडताना टाळ्या वाजवणारी माणसं. माझ्याकडे फोटो आहेत. त्यात मी हसते आहे, हेही हसतायत, पण त्या जागा मला आठवत नाहीत. मला तो डांबराचा तुकडा आठवतो, जिथं काही नव्हतं.

आता तुम्हाला वाटेल, मग आम्ही भोपाळला गेलो. नाही गेलो. किती तरी महिन्यांनी कर्मचाऱ्यांच्या वाटपाची यादी लागली आणि त्यात माझ्या नावापुढे छत्तीसगढ़. विकल्प मागितला होता, दिला होता, पोच होती, तरी छत्तीसगढ़. ज्यांनी रायपूर लिहिलं होतं त्यांतले काही भोपाळला गेले, रडत गेले. मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि रडता रडता मला कळेना की मी सुटले म्हणून रडते की अडकले म्हणून. अजून कळलेलं नाही. त्या संध्याकाळी हे दुकान लवकर बंद करून आले, मला स्कूटरवर घेतलं आणि भनपुरीच्या बाहेर हायवेवर नेऊन उभं केलं. ट्रक जात होते, नागपूरचे, कलकत्त्याचे. "बघ," म्हणाले. अर्धा तास आम्ही ट्रक बघितले. मी यांच्यावर चिडले होते, त्या यादीवर चिडले होते, दर ट्रकवर चिडले होते. मग घरी येऊन भाकऱ्या टाकल्या.

त्यानंतर दर नोव्हेंबरला हे असंच. जायची वेळ टळून गेली, पण पायांना कोणी सांगितलेलं नाही. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, फोनवर मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते, आणि दर वेळी म्हणते, आई, आ जाओ ना यहाँ। मी गेलेसुद्धा, दोनदा. आठव्या दिवशी मला रबराच्या वासाची आठवण यायला लागली. माणूस किती नालायक असतं.

परवाचं सांगत होते. नव्या राजधानीतलं काम झालं नाही, साहेब दौऱ्यावर. परत निघालो तेव्हा उन्हाचा सोनेरी रंग त्या रिकाम्या रस्त्यावर पडला होता. हे नेहमीपेक्षा हळू चालवत होते. पंधरा दिवसांपासून मी बघत होते, हे जेवताना पेपर धरत नाहीत. दुकानातून लवकर येतात. रात्रीची भाजी खारट झाली तरी हव म्हणत नाहीत, नुसते जेवतात.

मला ठाऊक होतं. आमच्या शेजारच्या दुकानातला मोबाइलचे कव्हर विकणारा, त्यानं चार दिवसांपूर्वी मला रस्त्यात थांबवलं. "दीदी, भैया ने दुकान दे दी क्या? बयाना हो गया सुना।" आता कोणाला लागतात शिक्के. सगळं संगणकातच होतं. मी त्याला म्हटलं, हव. घरी येऊन काहीच बोलले नाही.

एका चौकाच्या पुढे मी म्हटलं, थांबा जरा, पाणी प्यायचं आहे. थांबले. मी पाणी प्यायले, हे लांब बघत राहिले, म्हणाले, यंदा थंडी लवकर आली. निघालो. दोन मैलांवर मी म्हटलं, थांबा, माझ्या चपलेत खडा गेला. थांबले. हे म्हणाले, मुलीचा फोन आला होता का. आला होता म्हटलं. निघालो. मागे बसून मला यांची मान दिसत होती, पिकलेले केस, कॉलरवर दुकानातला तो काळा डाग, जो कितीही घासला तरी जात नाही. मला यांची इतकी दया आली, इतकं प्रेम आलं, की मी तो डाग बोटानं चोळला.

मग जिथं झाड नव्हतं, चौक नव्हता, पाटी नव्हती, अशा एका जागी मी यांच्या पाठीवर हात ठेवला.

"थांबवा."

"इथं काय आहे?"

"काही नाही," मी म्हटलं.

स्कूटर बंद झाली. हे तसेच बसून राहिले, दोन्ही हात हँडलवर. मी उतरले, पदर सावरून रस्त्याच्या कडेला बसले आणि शेजारी जागा ठेवली. बऱ्याच वेळानं यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"तुले कोणी सांगितलं वो?"

"मले काहीच माहीत नाही," मी म्हटलं. "तुमी सांगा."